सतरंजी गेली, खुर्ची आली

मंडळी, राम राम. रिसोडचे आले, मंगरूळपीरचे आले, बोर्डिंगचा हा हॉल कडेकडेनं भरला. आमचे प्रिन्सिपल, नाना, असते तं म्हनले असते, "आजी, एवढी गर्दी! आज गोड केलं काय?" नाई नाना. आज तुमचीच शोकसभा हाये. मले बोला म्हनलं, म्हनून उभी राह्यली.

मी इथं पोराईच्या भाकरी टाकते. अक्षर येत नाई. कारकून बाबू माझं बोलनं उतरून घेऊन राह्यले. बाबू, जसंच्या तसं लिहजा, वरून साखर नका टाकू.

नानाचा एक नेम होता. दर शनिवारी याच हॉलात सतरंजीवर सारे बसत. प्रोफेसर, शिपाई, झाडनारी सखू, मी. अन् शेवटच्यानं आधी बोलायचं. मी मिरचीवर सुरू झाली का प्रोफेसर लोक जांभया देत. नाना म्हने, "ऐका. मोठ्यानं आधी तोंड उघडलं, का बाकीचे नुसत्या माना हालवतात."

एकदा कमिटीनं त्याईले खुर्ची देल्ली. नाना बसले. त्या शनिवारी कोनी बोललंच नाई! खुर्ची दिसली का आपली जीभ टाळूले चिपकते. पुढच्या शनिवारी पाहते तं खुर्चीवर पान्याचा माठ. म्या म्हनलं, "काहो नाना, प्रिन्सिपल कुठी गेला?" तं म्हने, "हा काय, थंडा होऊन बसला."

हसा, हसा. मीबी हसली होती.

नाना तापानं गेले. तेरवी झाली. सतरंजी कोठीत गेली, माठ खाली उतरला, खुर्ची परत आली. नवे साहेब भले मानूस हायेत. पन शनिवार बंद. म्हंतात, काही असंन तं लिहून द्या. मी काय लिहू? अन् ज्याईले लिहिता येते, ते काहून गप्प हायेत?

आता एक पाहा. तुमी सारे भिंतीले टेकून बसले. प्रोफेसरबी, शिपाईबी, अन् त्याईले पाहून पाहुनेबी. मधात कोनी नाई. मधात एकटी साहेबाची खुर्ची. साहेब, तुमाले वाटलं असंन, लोकाईनं मानानं जागा सोडली.

वर पाहा साहेब.

ती तुळई उधईनं पोखरली. नाना आजारी पडले तवापासून तिचा भुसा खाली पडून राह्यला. सखू रोज झाडते. इथल्या साऱ्याईले ठाऊक हाये. सारे एकमेकाले म्हंतात, "साहेबाले कोन सांगन?" अन् सांज झाली का मानोऱ्याच्या तांड्यावरची पोरं बरोबर तिच्याखाली अंथरून टाकतात. मधात हवा लागते म्हनून.

नानाले रडू आपन. पन ज्या घरात सारे जानतात अन् कोनी बोलत नाई, तिथं एकच तेरवी होऊन थांबत नाई, बाप्पा.

आता घडीभर उभं राहा. नानाले गप्प मानसं आवडत नव्हती, पन आज गप्प राहा, कान वर लावा. कुरकुर ऐकू येईन. मंग परत बसू नका. लिंबाखाली चाला, मी सतरंजी काढते. साहेब, तुमीबी या, खुर्ची राहू द्या. सखू आधी बोलन.

नाना, राम राम घ्या.

उठा मंडळी. हळूच उठा.