मच्छीमार आधी मेला

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या वाचनालयात रांगेत माझ्यापुढे दोन आजीबाई होत्या, मार्लिस आणि आर्डिस. मी चोरून ऐकत नव्हतो. त्याच मोठ्यानं बोलत होत्या.

"आर्डिस, ती खुनाची कादंबरी कशी वाटली?"

"खुनी मी दुसऱ्याच पानावर ओळखला. तो दहाव्या पानावर मेला."

"मी ते सूपांचं पुस्तक अंथरुणात पडून वाचलं. एकही सूप केलं नाही, तरी वजन वाढलं."

"पण मार्लिस, त्या मच्छीमाराच्या कादंबरीवर आपल्या वाचक मंडळात काय बोललीस गं! 'तो आधी मरतो, मग म्हातारा होतो, शेवटी लग्न करतो. काय धाडस लेखिकेचं!' सगळ्या माना डोलवत होत्या."

"तेच सांगायचंय तुला. मी ती गाडीत ऐकली ना, सीडीवर. नातीनं गाणी उलटसुलट लावायचं बटण दाबून ठेवलं होतं. काल कळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकात तो सरळ जन्मतो, लग्न करतो नि मरतो. चारचौघांसारखा."

"अगं बाई!"

"आता मंडळात कुठल्या तोंडानं जाऊ? आणि तू तर छापील पुस्तक वाचलं होतंस. तेव्हाच का नाही टोकलंस मला?"

"तू इतकं छान बोलत होतीस."

"म्हणून गप्प बसलीस?"

"हळू बोल. मी या रांगेत कशाला उभी आहे, ठाऊक आहे? माझ्या प्रतीची पानं चुकीच्या क्रमानं शिवलीत, अशी तक्रार करायला."