गळू माझं, नाव ह्यांचं

नाही, पण मला एक सांगा, देवाने एवढं अंग दिलंय, दोन हात, दोन पाय, ही ऐसपैस पाठ... गळवाला दुसरी जागा नव्हती? बरोब्बर बसायच्या ठिकाणीच यायचं होतं? म्हणजे बसले तरी मेले, उठले तरी मेले, आणि कुणी विचारलं "काकी, उभ्या का?" तर सांगायचं काय, डोंबल? हसू नका! हसायला पुढे भरपूर जागा आहे, आत्ताच दात संपवू नका.

तर तुम्हाला सांगते, आमच्या गास गावात कुणाला गळू झालं, केसतूड झालं, काखमांजरी झाली, की त्याने डॉक्टरकडे जायचं नाही, सुभद्राकाकीच्या मागच्या पडवीत यायचं. चाळीस वर्षं! पडवीत एक बाकडं आहे, त्याच्यावर पडायचं आणि गप पडायचं. पहिल्या दिवशी आमच्याच वाडीतलं विड्याचं पान, एरंडेल चोपडून तव्यावर तापवलेलं. दुसऱ्या दिवशी भाजलेला कांदा नि हळद. तिसऱ्या दिवशी कणकेची पोटीस, तुपात शिजवलेली, अशी चटचटीत की माणसाला सात पिढ्या दिसाव्यात. आणि चौथ्या दिवशी हे माझे दोन अंगठे. शाळेत एक दिवस गेले नाही हो मी! अक्षरं शिकले ती फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीवरनं, आणि गळवं शिकले ती गळवांवरनं. माणूस तळमळायला लागला की मी विचारायची, "दुखतंय?" तो म्हणायचा, "होऽऽ!" मी म्हणायची, "दुखणारच!" आणि दाबायची.

आणि नियम एक. गळू फुटताना माणसाच्या तोंडातनं जे बाहेर पडेल ते त्याचं नाव. कायमचं! हा नियम कुणी केला? मीच केला, दुसरं कोण करणार? नाहीतर एकेक जण असा बोंबलायचा की वाडीतल्या केळी हादरायच्या. समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी, जितेश नावाचा, बँकेत साहेब, टाय लावून जातो. मानेवर गळू घेऊन आला. "काकी, जरा हळू हां, माझी सहन करायची कपॅसिटी कमी आहे." कपॅसिटी! अंगठा टेकवला मात्र, "मम्मीऽऽ!" झालं. आज गासात त्याला कुणी जितेश म्हणत नाही. रिक्षावाला म्हणतो, "बसा, मम्मी." सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली की खाली कुणीतरी खडूने लिहितं, 'हुकमावरून, मम्मी.' आमची शेजारीण आल्बिना, चाळीस वर्षांची मैत्रीण नि चाळीस वर्षांची वैरीण, तिच्या मांडीवरचं फोडत होते, नेमकी तेव्हाच तिची कोंबडी कुंपण ओलांडून माझ्या अबोलीत शिरली. ही ओरडली, "कोंबडीऽऽ!" मग काय? कोंबडी तर कोंबडी. चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच क्वॅक... छे, ते बदक. कुकूच करतं.

आणि माझी सून, हेमांगी. दादरची, बीकॉम. वडील गेले म्हणून वर्षाच्या आत लग्न उरकलेलं. घरात येऊन महिना झाला नाही तर हिला काखमांजरी. म्हणते कशी, "आई, मी डॉक्टरकडे जाऊन येते." सुभद्राच्या घरातली सून डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील? घातली बाकड्यावर. पोरीने ओठ चावला, ओठातनं रक्त आलं, गळू फुटलं, पण आवाज नाही. आणि मला, खोटं कशाला सांगू, राग आला. म्हणून आणखी एकदा दाबलं. गरज नव्हती. तेव्हा म्हणाली, "बाबा." ओरडलीसुद्धा नाही हो, नुसती म्हणाली. बाबा जाऊन चार महिने झालेले. पण नियम म्हणजे नियम! अकरा वर्षं ती गावात 'बाबा' आहे. राजोडीची कोळीण दारात येऊन हाक मारते, "ए बाबा, बोंबील हाय ताजा!" आणि ही चाळण घेऊन जाते. एक अक्षर बोलली नाही कधी. मला वाटलं, पोरीने मनावर घेतलं नाही. अकरा वर्षं मला असंच वाटत होतं बघा!

तर अठ्ठ्याण्णव सालचा मे. उकाडा, त्यात रायवळ आंबे, आणि मला आंब्याची मोजदाद करायची सवय नाही. उगवलं. दोन दिवस लपवलं. जेवले उभ्याने, बातम्या बघितल्या उभ्याने, गजरे केले उभ्याने. तिसऱ्या दिवशी आल्बिना कुंपणावरनं, "काय गो सुबद्रा, गुरख्याची नोकरी लागली काय?" आणि तिच्यासमोर, बरं का, मुद्दाम तिच्यासमोर, आमची हेमांगी किती गोड आवाजात विचारते, "आई, डॉक्टरकडे नेऊ का तुम्हाला?"

आता सांगा, काय बोलणार मी? हो म्हटलं तर चाळीस वर्षांचं बाकडं गेलं चुलीत. म्हटलं, "डॉक्टर कशाला? तू आहेस ना." वाटलं, घाबरेल. कसली घाबरते! पदर खोचला. "मग पालथ्या पडा."

पहिल्या दिवशी पान. तुम्हाला सांगते, मी पान तापवते ते आधी माझ्या मनगटाला लावून बघते. हिने लावून बघितलं... माझ्याच मनगटाला! "दुखतंय, आई?" म्हटलं, "छे!" "दुखणारच," म्हणाली, आणि बांधलं. दुसऱ्या दिवशी कांदा. तो निखाऱ्यातनं काढल्यावर मी तीनदा फुंकर मारते. ही चुलीपाशी उभी राहून म्हणते, "आई, तुम्ही फुंकर मारता का हो? मला आठवत नाही. माझ्या वेळी मारली नव्हती." तिसऱ्या दिवशी पोटीस, तिचं तर नावच काढू नका. पण मी हूं की चूं केलं नाही. शपथेवर सांगते, हूं की चूं नाही. कारण आता प्रश्न गळवाचा नव्हता, नावाचा होता! चौथ्या दिवशी ज्या तोंडाने मी अख्ख्या गासाला नावं ठेवली, ते तोंड मिटलेलं ठेवायचं होतं. बस्स, एवढंच.

चौथा दिवस उजाडला. पडवीत बायका, मागच्या दारात बायका, मोरीच्या पायरीवर बायका. पुरुषांना आत यायला बंदी, म्हणून ते कुंपणाबाहेर, पण त्यांना बघायचं कुठे होतं, ऐकायचं होतं! मम्मी तर रजा टाकून आलेला. कुणी म्हणतं, "काकी 'देवा' म्हणणार." कुणी म्हणतं, "छ्या, 'आई गं'." आल्बिना पहिल्या रांगेत, पायाशी पाणी भरलेला तांब्या. म्हटलं, "हा कशाला?" म्हणाली, "तू बेशुद्द पडलीस तं!" आमचे हे तेवढे वाडीत, पानं खुडत. ऐकायला जरा कमी येतं, त्यांना काही पत्ता नाही.

ह्यांचं एक सांगायला हवं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही पुटपुटत. मतदानाला तो कारकून विचारतो, "पतीचं नाव?" मी कागदावर बोट ठेवते, "वाच की, बीए झालायस ना?" अक्षरं जुळवायला लागले तेव्हा पहिलं जुळवलं ते त्यांचंच नाव. लिहिलं, वाचलं, आणि कागद चुलीत टाकला. बाकी कुणापुढे नमते-बिमते मी असं समजू नका, पण नाव नाही म्हणजे नाही.

असो. पडले बाकड्यावर पालथी. तोंडात पदराचा बोळा घालणार, तर हेमांगी म्हणते, "आई, बोळा चालत नाही ना? तुम्हीच मला काढायला लावला होता." काढला. दात असे आवळले की कवळी करकरली. खाली रद्दी अंथरलेली, बाकड्याच्या फटीतनं अक्षरं दिसत होती. म्हटलं, सुभद्रे, वाच. वाचत राहा. अक्षरांनी तुला कधी दगा दिलेला नाही. 'नालासोपारा पश्चिम. प्रशस्त वन रूम किचन.' तिचा अंगठा टेकला. 'स्टेशनपासून पाच मिनिटं.' दुसरा अंगठा टेकला. डोळ्यांपुढे काजवे, पण वाचतेय! 'चोवीस तास गोडं पाणी.' चोवीस तास? अहो, तो मम्मी टँकरमागे बादली घेऊन धावतो रोज! एवढं खोटं छापायला लाज नाही वाटत? मी आपलं "खोटारडे!" म्हणायला तोंड उघडलं... आणि त्याच घटकेला हिने दाबलं.

"दिवाकऽऽर! धाव रे मेल्याऽऽ!"

शांतता. काय शांतता होती म्हणून सांगू! आल्बिनाच्या कोंबड्यासुद्धा गप्प. आणि त्या शांततेत वाडीतनं हे आले धावत, पंचाहत्तरीचा माणूस, कमरेला पंचा, हातात पानांची जुडी, चेहरा पांढराफटक, आणि दारात उभे राहून म्हणतात काय...

"आई?"

त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली! पण तिच्यानंतर घरातनं ह्या माणसाला नावाने कुणी हाक मारली होती? तो बिचारा पंचा सावरत विचारतोय, "आई? आई आली काय गं?" आणि पडवीतल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडतायत.

हेमांगी हसली नाही. तिने पुसलं, हळद भरली, पट्टी बांधली, सगळं माझ्यासारखं, अगदी माझ्यासारखं. मी तिचा हात धरला. मी, सुभद्रेने! हळूच म्हटलं, "पोरी, हे नाव नको ठेवूस." ती म्हणाली, "काहीतरीच काय, आई! सासऱ्यांचं नाव मी कसं घेणार? बरं दिसतं का?" माझा जीव भांड्यात पडला. तर ही उठते, हात धुते नि म्हणते, "आल्बिनाताई, कुंपणाबाहेर तुम्हीच सांगा हं."

सांगितलं! कोंबडी कुंपणावर चढून आरवली!

मग सगळ्या बाया बाहेर गेल्यावर हेमांगी पुन्हा खाली वाकली, अगदी कानाशी. "दुखतंय, आई?" मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. "दुखणारच," म्हणाली, आणि आणखी एकदा दाबलं. गरज नव्हती.

आता गळवं तीच बघते. लोक दारात येतात, माझ्याकडे बघून विचारतात, "वहिनी आहेत का आत?" आधी फुंकर मारते म्हणे, तीन तीनदा. आणि नावाचा नियम तिने बंद केला. कधीपासून? माझ्यानंतर! म्हणजे गासातलं शेवटचं नाव माझं. कोळीण हाक मारते, "दिवाकर, बोंबील हाय!" सोसायटीतली पोरं ओरडतात, "दिवाकर आजी!" आणि हे? हे पायरीवर बसून गालातल्या गालात हसतात.

परवा कामणहून ह्यांचा शाळेतला दोस्त आला. फाटकात उभा राहून ओरडला, "दिवाकर, ए दिवाकर, आहेस का घरात?" हे पायरीवरच बसलेले, त्याच्याकडे तोंड करून. आणि तुम्हाला काय सांगू... चुलीपुढनं 'ओ' मी दिली.