रचनाची गिटार सुकली का?

नाही नाही, हात नका लावू, दुरूनच पाहा... पाहाले हरकत नाही, पन बोट नको, कारन या गिटारले आमच्या सौंदड गावातल्या एकूनएक मानसाचं बोट लागून गेलं, अन् ज्याचं लागलं त्याचा ठसा अजून आहे, हा पाहा अंगठा, हा आमचा तबलजी शालीकराम, घरात पाय ठेवला का राम राम नाही, काही नाही, 'टिकारामभाऊ, सुकली का?' अन् विचारता विचारता दाबून पाहिलं!

तुमाले सांगतो, मी सुतार मानूस, अर्ध्या गावाचे दरवाजे माझ्या हातचे, तं गिटार काय मोठी गोष्ट? झालं असं, का माझी पोरगी रचना, गोंदियाले कॉलेजात, गिटार वाजवते, अन् दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हनजे जत्राच, मंडईत दुपारी गान्याची पार्टी, तिच्यात गावची पोरगी पहिल्यांदा स्टेजवर बसनार, सोयऱ्याधायऱ्याले निरोप गेलेले, अन् दहा दिवस आधी एसटीच्या टपावरून गिटार पडली ना बाप्पा! दांडी चांगली, तारा चांगल्या, खोक्याचे दोन तुकडे. पोरगी रडून राहिली, 'बाबा, आता मी नाही वाजवत.' मी म्हनलो, कशी नाही वाजवत? तुझा बाप काय मेला?

गिटार वायर लावून वाजवाची, भरीव असली तरी चालते, म्हनून सागाची फळी घेतली, जाड, दोन दिवसांत कापली, घासली, माशी बसली तं घसरून पडावी. मग गोंदियाले छोटेलालच्या दुकानातून डबा आनला, तेलातला स्टेन, म्हनजे लाकडाले माराचा रंग. आजवर मी स्पिरिटचं पॉलिश मारलं, इकडे मारलं का तिकडे सुकलं, हे तेलाचं प्रकरन पहिल्यांदाच. छोटेलाल म्हनते, 'पतला लगाना भैया, एक दिन में सूख जाएगा.' घरी येऊन डबा उघडतो तं आत काकवीसारखा घट्ट. आता पातळ कशानं करावं? डब्यावर लिहिलं ऑइल. ऑइल म्हनजे तेल. घरात मोहाच्या बियांचं तेल होतं, घान्यावरचं, एकदम शुद्ध. ओतलं वाटीभर. तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

एक दिवस झाला, नंदाबाई, म्हनजे माझी बायको, पदराले हात पुसत आली, 'सुकली का जी?' अन् लावलं बोट. तो एकच ठसा मी पुसला, वरून पुन्हा हात मारला. दुसऱ्या दिवशी केशोराव आले, रिटायर पोस्टमन, चष्मा कपाळावर चढवला, नाक टेकवलं, 'सुकली का? वास तं भज्याचा येऊन राहिला...' अन् लावलं बोट! पंखा लावला, उन्हात टांगली, चुलीजवळ नेली, चार दिवस झाले तरी हाताले चिकट.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मोबाइल पान्यात पडला तं लोक तांदळात ठेवते का नाही? अंगनात नव्या धानाचा ढीग होता, त्यात पुरली गिटार, निवांत झोपलो. सकाळी नंदाबाई म्हनते, 'काऊन जी, हे धानच ओलं म्हनून मी उन्हात पसरून राहिली, ते तुमची गिटार काय सुकवन?' काढतो तं काय, गिटारले चहूकडून धान चिकटलेलं, अन् कोंबड्यांनी पाहिलं ना ते... मी गिटार डोक्यावर घेऊन पुढं, अकरा कोंबड्या माझ्या मागं, अन् कुंपनावरून शालीकराम, 'टिकारामभाऊ, सुकली का?'

मंडईचा दिवस उजाडला. एकएक दाना वेचून काढला, तारा चढवल्या, पन ओली ते ओलीच. रचनानं माझं तोंड पाहिलं, म्हनाली, 'राहू द्या बाबा, मी अशीच वाजवते.' अन् पोरीनं अंगावरचा नवा ड्रेस सांभाळत, गिटार वीतभर दूर धरून, सव्वा तास वाजवली, हात भरून आले पन सूर नाही चुकला. लोकाले वाटलं शहरातली नवी पद्धत आहे, देवरीहून आलेल्या दुसऱ्या पार्टीतला गिटारवाला तं लागलीच आपली दूर धरून बसला. मी मागं उभा राहून रडलो, तुमच्यापासून काय लपवाचं.

मग गेलो छोटेलालशी भांडाले. तो म्हनते, 'मिलाया क्या था?' सांगितलं. डोकं धरून बसला. 'महुए का तेल? भैया, वो तो सात जनम नहीं सूखेगा! टरपेंटाइन से पोंछ डालो, नया हाथ मारो, दो दिन का काम है.' बाटली पन देली त्यानं.

तेवढ्यात रचनाले नागपूरले नोकरी लागली. जाताना म्हने, 'बाबा, सुकली का घेऊन जाईन.' तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी येते, उंबरठ्यावरूनच, 'बाबा, सुकली का?' बोट लावते, हासते, आईच्या हातचं जेवते, दूर धरून दोन गानी वाजवते अन् संध्याकाळच्या गाडीनं जाते. टरपेंटाइनची बाटली फळीवरच आहे, बूचही नाही काढलं. नंदाबाई विचारते, 'दोन दिवसाचं काम, काऊन करत नाही जी?' मी म्हनतो, कामाच्या गर्दीत सवड कुठं भेटते...

अन् दादा, तुमी कुठं उठले? बोट लावाचं आहे? लावा, लावा, एवढं ऐकून घेतलं तं तुमचाही हक्क झाला... नाही ना सुकली?

चला, या महिन्याचं भागलं.