अप्पांचं बिनहळदीचं वरण

अगं, आमच्या सासऱ्यांचं ऐक. माझी छकुली जन्मली आणि पिवळी दिसायला लागली. कावीळ झाली, रक्तातलं बिलिरुबिन वाढलं म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. इकडे अप्पांनी प्रेमनगरच्या घरातून हळदच हद्दपार केली. दवाखान्यात माझ्या डब्यात वरण पांढरंफटक, आणि स्वतःही तेच जेवायचे.

डॉक्टरांनी डबा पाहिला. म्हणाले, "दादाजी, माँ के हल्दी खाने से पीलिया नहीं बढ़ता. बस, बच्ची को बार-बार दूध मिलता रहे."

अप्पांनी "जी, जी" करत मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर पुन्हा पांढरंच वरण!

"अप्पा, डॉक्टरांचं ऐकलंत ना?"

"ऐकलं गं," ते हळूच म्हणाले. "पण दूध तू पाजतेस, दिवा डॉक्टरांचा. मग मी काय करू?"