तुंबलेलं भांडण

मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"काका, एवढ्याच पैशांत टचस्क्रीन येतो. हा सगळ्या अक्षरांची बटणं असलेला कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"हिचा हट्ट. ऑपरेशननंतर आवाज गेला. चार महिने झाले, सगळं लिहून दाखवते."

"मग मोठी स्क्रीनच बरी, काकू."

काकूंनी बटणांचा फोन उचलला आणि काकांवरची नजर न हलवता भराभर लिहिलं.

"तीस वर्षं टायपिस्ट होती. वाच बाबा, काय म्हणतेय?"

"'टचस्क्रीनवर लिहायला मी खाली बघितलं, की हे खोलीतून सटकतात.'"

"मी? कधी?"

"थांबा काका, अजून लिहितायत. 'हाच द्या. चार महिन्यांचं भांडण तुंबलंय.'"