तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधलं जंगल

...आणि मुळात ती पोरगी तिथे गेलीच कशाला, हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. सोळा वर्षांची, डोंगरावरून दरड कोसळतेय, आणि ही एकटी जंगलात शिरते. का, तर कुत्रा हरवला म्हणून! अहो, कुत्र्याला नाक असतं, येईल की तो घरी... तर अशी ही कादंबरी. आमच्या मुलीच्या वर्गात सगळ्या पोरींनी वाचलीय, जेवायला हाका मारल्या तरी उठत नाहीत. मी म्हटलं, असल्या रद्दीला मी हातसुद्धा लावणार नाही. आणि तुम्हाला सांगतो, तीच रद्दी मला मोठ्याने वाचावी लागली. बंद लिफ्टमध्ये. सासूबाईंना.

हसू नका. मी लिफ्टचा मेकॅनिक, बावीस वर्षं झाली. भरदुपारी सासूबाईंना डॉक्टरकडून घरी सोडायला निघालो, घर पाचव्या मजल्यावर, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे लिफ्ट बंद. आमच्याच ऑफिसला फोन लावला, तर तिथली बाई म्हणते, "पण त्या भागाचे मेकॅनिक तुम्हीच ना?" म्हटलं, हो, मीच आत आहे. "बरं मग, दुसऱ्याला पाठवते. दीड तास धरा."

दीड तास! आणि सासूबाई माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हत्या. सासरे गेले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या रेडिओला मी भंगार म्हणालो. तेव्हापासून सगळं बायकोमार्फत, "त्यांना सांग, ताट वाढलंय." आता लिफ्टमध्ये बायको कुठून आणू? तर त्या बटणांकडे बघून विचारतात, "ही खाली पडेल का, कोणी सांगेल का?" मीही बटणांनाच सांगितलं, पडत नाही, वर चार दोर आहेत, ब्रेक आहे.

पण दहा मिनिटांत त्यांना धाप लागली. कपाळावर घाम, आणि आम्ही येत होतो ते हृदयाच्याच तपासणीहून. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काही बोलावं, तर त्या मान फिरवणार. तेवढ्यात त्यांच्या पिशवीत नातीचं ते पातळसं पुस्तक दिसलं. काढलं, आणि सुटलो वाचत.

काय ते लिखाण! पाय मुरगळलेला, जवळ तीन बिस्किटं, अंधारी गुहा, आणि 'तिला आपल्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला.' प्रकरण समाप्त. कुणाचा श्वास? नाही सांगायचं! पान उलटा, मग कळेल. वाचकाच्या नाकात वेसण घालून ओढायचे धंदे सगळे. मी पुस्तक मिटलं, म्हटलं, मुळात गेलीच कशाला...

"वाचा पुढे."

मला. थेट मला. दोन वर्षांनी पहिला शब्द. मग काय, वाचतोय. वटवाघळं आली, पूर आला, बिस्किटं भिजली, मी मधे मधे कुरकुरतोय, आणि सासूबाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर येतोय. चौथ्या प्रकरणात पुन्हा म्हटलं, पण ही गेलीच कशाला? तर त्या म्हणाल्या, "कुत्रा तिच्या वडिलांचा होता. वडील गेले. मागे तेवढंच उरलं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलंय, तुम्ही वाचलंत, पण तुम्हाला नाही कळायचं."

पुस्तकात बघत म्हणालो, "आई, रेडिओला तसं म्हणायला नको होतं मी."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "पान उलटा."

शेवटी आमचा दुसरा मेकॅनिक आला, दार फाकवलं, वरून डोकावून हात पुढे केला. सासूबाई त्याला म्हणतात, "जरा थांबा हो. ती नदीत पडलीय." आणि तो थांबला! उकिडवा बसून ऐकत राहिला तो गाढव.

आणि एवढं करून ती नदीतून बाहेर आली का? छे. 'आणि तेवढ्यात...' म्हणे, आणि पुस्तक खलास. पुढचं दुसऱ्या भागात. याला लेखन म्हणतात? याला लबाडी म्हणतात.

आता सासूबाईंचा रोज फोन. बायकोला नाही, मला. "मिळाला का दुसरा भाग?" म्हणून वाचनालयात नाव लावलंय. एकतिसावा नंबर, माझ्या पुढे तीस पोरी. काल चौकशीला गेलो, तर दुसरा भाग परत करायला आलेली एक पोरगी जवळ येऊन म्हणाली, "काका, शेवट सांगू का?" ...आणि काय सांगू तुम्हाला, बावन्न वर्षांचा माणूस मी, भर वाचनालयात दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहिलो.