मधली फळी

चहा घेता घेता सांगतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी चहा करायचो. पुण्याची मेधा एकदा कॉम्प्युटरपुढे रडकुंडीला आली होती. दुपारी साहेबांना आराखडा दाखवायचा होता.

“अण्णा, मी ‘पत्ता’ नावाचा माहितीचा नवा प्रकार बनवला. जे पॅकेज, म्हणजे कप्पा, उघडं होतं त्यातच तो जाऊन बसला. बाकीच्या कप्प्यांना सापडतच नाही!”

“स्वल्प, जरासं थांब गं अक्का. साखर चहाला लागते, कॉफीलाही लागते. म्हणून मी ती मधल्या फळीवर ठेवतो. तुझ्याकडे मधली फळी नाही?”

मग तिनं सगळ्यांसाठी एक वेगळा कप्पा केला, ‘पत्ता’ त्यात हलवला. साहेब खूश झाले.

संध्याकाळी मला म्हणाली, “त्या कप्प्याचं नाव वाचा.”

“मला कुठं वाचता येतं?”

“‘अण्णा’ लिहिलंय.”

शाळेच्या पटावर माझं नाव कधी लागलं नाही. त्या पोरीनं ते लावलं.